‘माळ’ : एका शब्दाची अनेक कुळे

१

व्युत्पत्तीच्या अभ्यासात मोठे, अनेकाक्षरी शब्द अभ्यासकाला सहसा फसवीत नाहीत. त्यांचे प्रत्यय सुटे करता येतात, उपसर्ग ओळखता येतात आणि त्यांचा प्रवास कोणत्या वाटेने झाला असावा याच्या खुणा त्यांच्या अंगावरच दिसतात. फसवितात ते लहान शब्द. दोन अक्षरांचा शब्द घेऊन कोणी पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला, तर त्याला त्याच ध्वनीचा शब्द दहा भाषांत तरी भेटल्यावाचून राहत नाही. आणि दहांपैकी दोन ठिकाणी अर्थही जुळला, की त्यावर एखाद्या प्राचीन मानववंशाच्या स्थलांतराचा सिद्धांत उभारण्याचा मोह आवरत नाही. मराठीत असे सिद्धांत थोडे नाहीत. प्रस्तुत लेखात असा एक लहानसा शब्द घेऊन, त्याच्या नात्यांचा दावा कोठवर मान्य करावा आणि कोठे नाकारावा, याचा विचार करावयाचा आहे.

हा शब्द ‘माळ’ होय. त्याच्या विचारासाठी सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचा प्रदेश निवडला आहे. हे दोन्ही जिल्हे १९४९ पर्यंत बव्हंशी एकच होते. त्या वर्षी जुन्या साताऱ्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत तो जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. मधून कृष्णा वाहते. दक्षिणेस, विशेषतः जत व मिरज या भागांत, मराठीच्या शेजारी कन्नड बोलली जाते. डोंगर, माळ, मळा आणि दोन भाषाकुले अशी सगळी सामग्री एका टापूत असल्यामुळे आपल्या शब्दाची परीक्षा येथे जशी होईल तशी अन्यत्र क्वचितच होईल.

ही परीक्षा तीन कसोट्यांवर करावयाची आहे. पहिली कसोटी ध्वनीची : त्या भाषेच्या ज्ञात ध्वनिनियमांप्रमाणे मूळ शब्दाचे हे रूप सिद्ध होते काय? दुसरी रूपाची : लिंग, सामान्यरूप आणि साधित शब्द काय साक्ष देतात? तिसरी अर्थाची, आणि अर्थ म्हणजे येथे कोशातील प्रतिशब्द नव्हे, तर ती वस्तू, ती जमीन, तो व्यवहार. या तिन्ही कसोट्यांना उतरते तेच नाते खरे मानावे. एकाच कसोटीला उतरणारे नाते हा फार तर तर्क होय.

२

प्रथम सामग्री पाहू. या प्रदेशाच्या बोलीत ‘माळ’ हा शब्द दोन लिंगांत येतो. ‘ती माळ’ म्हणजे फुलांची, मण्यांची, तुळशीची माळ. ‘तो माळ’ म्हणजे उंचवट्याची, उघडी, बहुधा मुरमाड जमीन. एकवचनात यांची सामान्यरूपे निरनिराळी राहतात : माळेत मणी ओवतात, माळावर मेंढरे चारतात. अनेकवचनात मात्र सामान्यरूप एकच होते, आणि ‘माळांवर’ हे रूप सुटे ऐकले तर जमीन की हार हे सांगता येत नाही. त्यांच्या शेजारी ‘माळा’ हा पुल्लिंगी शब्द आहे. घरातील आढ्याखालची अडगळीची जागा तो माळा. उभ्या पिकातील पाखरे हाकण्यासाठी उभारलेला मचाणही माळाच. ‘माळी’ या शब्दाचे सामान्यरूप ‘माळ्या-’ होते आणि ‘माळा’ याचेही तेच होते; म्हणून ‘माळ्यावर’ आणि ‘माळ्याला’ यांतील पहिल्या शब्दांत घर आहे आणि दुसऱ्यात माणूस असू शकतो, हे केवळ विभक्तिप्रत्ययावरून आणि संदर्भावरून कळते. याखेरीज ऱ्हस्व स्वराचा गट आहे : मळ, मळा, मळी, मळणे, मळणी. आणि शेवटी ‘ल’काराचा गट : माल, मालमत्ता, माला.

या शब्दांना एका कुटुंबातील भावंडे मानण्याकडे मनाचा कल सहज होतो. माळावर मळा होतो, मळ्यात माळी राबतो, माळी माळवे पिकवितो, त्याचा माल बाजारात जातो, आणि फुले आली तर त्यांची माळ होते. गोष्ट सुरेख जमते. पण सुरेख जमलेल्या गोष्टीकडेच व्युत्पत्तिशास्त्राने अधिक संशयाने पाहावयाचे असते.

३

सर्वांत सोपे कूळ हाराचे आहे. संस्कृत ‘माला’ या शब्दातील दोन स्वरांमधला एकेरी लकार मराठीत ळ होतो. मूल–मूळ, फल–फळ, बिल–बीळ ही उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्याच नियमाने माला–माळ. ग्रंथमाला, व्याख्यानमाला यांतील ‘माला’ हा तोच शब्द, पण तो पुढे संस्कृतातून विद्वानांनी जसाच्या तसा उचलला म्हणून त्याचा ल शाबूत राहिला. म्हणजे एकच शब्द मराठीत दोनदा आला : एकदा लोकांच्या तोंडून झिजत झिजत आणि एकदा ग्रंथातून न झिजता.

या कुळाचा विस्तार पाहण्यासारखा आहे. गजरा केसांत घालणे याला ‘माळणे’ म्हणतात. वारकऱ्याला माळकरी म्हणतात, आणि ‘त्याने माळ घातली’ एवढे म्हटले की त्या माणसाचे खाणेपिणे, वागणे व दरवर्षीची वारी हे सारे सांगितले जाते. नवरात्रात घटावर दररोज एक माळ सोडण्याची चाल असल्यामुळे ‘तिसरी माळ’, ‘सातवी माळ’ असे म्हणून लोक दिवस मोजतात. येथे माळ हे कालाचे परिमाण झाले. विहिरीवरच्या रहाटाला बांधलेल्या गाडग्यांची ओळ ती रहाटमाळ. सारख्याच अवगुणांची माणसे ती एका माळेचे मणी. ओवणे, क्रमाने येणे, पुन्हा पहिल्यावर येणे या कल्पना या सर्व अर्थांत समान आहेत. अर्थ कितीही पसरला तरी दोरा तुटलेला नाही.

‘माळी’ हा शब्द याच कुळातला होय. संस्कृतात मालाकार आणि मालिक हे शब्द हार गुंफणाऱ्यासाठी आहेत. हार गुंफणारा तो फुले पिकविणारा, आणि फुले पिकविणारा तो बागाईत करणारा, असा अर्थाचा क्रम दिसतो. म्हणजे माळी मळ्यात राबत असला तरी त्याचे नाव मळ्यावरून आलेले नाही. मळा या शब्दातील म चा स्वर ऱ्हस्व आहे, माळी यातील दीर्घ. ‘मळ्यातला तो माळी’ असे समीकरण ध्वनीच्या कसोटीस उतरत नाही. भाजीपाल्याला या भागात ‘माळवे’ किंवा बोलीत ‘माळवं’ म्हणतात. त्यातील दीर्घ स्वर पाहता हा शब्दही मळ्यापेक्षा माळ्याशी जोडणे अधिक सयुक्तिक दिसते. माळ्याने पिकविलेले ते माळवे. त्याचा माळवा या प्रांताशी संबंध लावण्याचे कारण नाही. त्या प्रांताचे नाव मालव या प्राचीन गणावरून आले आहे. कोरेगाव तालुक्यातील कण्हेरखेडचे शिंदे त्या प्रांतात जाऊन सत्ताधीश झाले हा इतिहास खरा. पण त्या इतिहासाने साताऱ्याच्या बाजारातील भाजीला नाव दिलेले नाही.

४

खरी अडचण ‘तो माळ’ या शब्दाची आहे, आणि मराठीच्या मुळाविषयीचा वाद याच ठिकाणी पेटतो.

संस्कृतात ‘माल’ हा शब्द शेत किंवा उंच भूभाग या अर्थी आढळतो. त्याचे सर्वांत प्रसिद्ध स्थळ मेघदूताच्या पूर्वमेघात आहे. यक्ष मेघाला ज्या वाटेने जावयास सांगतो त्या वाटेवर मालक्षेत्र येते, आणि ते नुकत्याच फिरलेल्या नांगराने सुगंधित झालेले आहे. मल्लिनाथाने माल या शब्दाचा अर्थ डोंगरासारखा उंच प्रदेश असा सांगितला आहे. माल–माळ हे रूपांतर ध्वनिनियमाप्रमाणे निर्दोष आहे. उंचवटा हा अर्थांशही टिकून आहे.

दुसऱ्या बाजूस द्राविडी शब्दांचा गट आहे. तमिळ ‘मलै’, मलयाळम ‘मल’, कन्नड ‘मले’ यांचा अर्थ डोंगर. कन्नडात डोंगराळ अरण्यप्रदेशालाही मले म्हणतात आणि मलेनाडु हे नाव त्यावरूनच पडले. संस्कृतातील मलय पर्वताचे नाव या द्राविडी शब्दावरून आले, हे बहुतेक विद्वानांना मान्य आहे. मलबार या नावाचा पूर्वार्धही तोच. त्यामुळे मुंबईच्या मलबार हिलमध्ये डोंगर दोनदा आला आहे. तेव्हा मराठी माळ हा या मलैचाच वंशज, असे म्हणणे अनेकांना मोहक वाटते.

आता कसोटी लावू. मराठीत ऱ्हस्व अकार, पुढे एकेरी व्यंजन असता, दीर्घ होत नाही. फल याचे फळ होते, फाळ होत नाही. मल याचे मळ होते, माळ होत नाही. म्हणजे मलै किंवा मले यांपासून सरळ आलेल्या शब्दाने मराठीत ‘मळ’ असे काहीतरी रूप घ्यावयास हवे होते. माळ हे रूप मिळावयाचे तर मुळात दीर्घ आकार तरी हवा किंवा द्वित्व व्यंजन तरी हवे. आणि द्वित्व लकार असता तर मराठीत ळ न येता ल आला असता, जसा मूल्य–मोल या जोडीत आला. सारांश, मराठी माळ हा द्राविडी मलैपासून थेट आलेला नाही. तो संस्कृत–प्राकृत मालापासून आला आहे.

पण येथे थांबून विजयाचा डंका वाजविणाऱ्यालाही एक प्रश्न विचारला पाहिजे : संस्कृत ‘माल’ तरी कोठून आला? इंडो-युरोपीय कुळात त्याला समाधानकारक आप्त दाखविता येत नाही. तो दक्षिणेकडील किंवा मध्य भारतातील अन्य कोणत्या भाषेतून संस्कृतात आला असणे अशक्य नाही. तसे असेल तर आपला माळ संस्कृतच्या हातून आला, पण संस्कृतच्या पोटी जन्मला नाही, असे म्हणावे लागेल. ‘आला कोठून’ आणि ‘जन्मला कोठे’ हे दोन प्रश्न निराळे आहेत. मराठीतील बहुतेक व्युत्पत्तिवाद या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे माजले आहेत.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या कार्याविषयी बोलताना आदर सुटता कामा नये. वाई येथे मिळालेल्या कागदपत्रांवर आधारलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ मध्ये काढला, आणि ग्रामनामांचा शास्त्रशुद्ध विचार व्हावा ही दृष्टीही प्रथम त्यांनीच दिली. परंतु प्रत्येक नावामागे संस्कृत शब्द असलाच पाहिजे ही त्यांची धारणा पुष्कळदा पुराव्याच्या पुढे धावते. उलट बाजूस शं. बा. जोशी यांनी ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ (१९५२) या ग्रंथात महाराष्ट्राच्या कन्नड थराकडे लक्ष वेधले, आणि विश्वनाथ खैरे यांनी ‘द्रविड महाराष्ट्र’ (१९७७) मध्ये तमिळच्या साहाय्याने अनेक मराठी शब्द व नावे उलगडण्याचा प्रयत्न केला. या लेखनाने एकांगी संस्कृतनिष्ठेला उतारा दिला हे त्याचे मोल आहे. तथापि ध्वनिसाम्य दिसताच नाते जाहीर करण्याची घाई तेथेही आढळते. पक्ष उलट असले तरी पद्धतीतील दोष एकच. झ्यूल ब्लॉख यांनी १९२० मध्ये मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात ध्वनिनियमांची जी शिस्त घालून दिली, ती टर्नर यांच्या इंडो-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशाने आणि बरो व एमेनो यांच्या १९६१ च्या द्राविडी व्युत्पत्तिकोशाने (सुधारित आवृत्ती १९८४) अधिक भक्कम केली. हे दोन कोश शेजारी शेजारी उघडून बसल्याशिवाय मराठी शब्दाचा निकाल देऊ नये.

५

ऱ्हस्व स्वराच्या गटात निदान तीन कुळे एकत्र नांदत आहेत. ‘मळ’ म्हणजे घाण, हा संस्कृत मल. कपडे मळतात ते त्यावरून. पीठ मळणे, तंबाखू मळणे, खळ्यावरची मळणी यांतील मळणे निराळे : संस्कृत मृद् धातूच्या मर्दनार्थी रूपांपासून प्राकृतात आलेले. ‘मळलेली वाट’ ही पावलांनी तुडवून झालेली वाट आहे, घाण झालेली नव्हे. एकाच वाक्यात मळणी करताना धोतर मळले असे म्हणता येते आणि दोन निराळे धातू शेजारी बसतात.

तिसरा शब्द ‘मळा’. कृष्णाकाठी नदीने आणून टाकलेल्या गाळाच्या जमिनीला मळी किंवा मळई म्हणतात. मल म्हणजे गाळ हा अर्थ धरला तर मळी आणि मळा यांचे रूप ध्वनिनियमाला धरून आहे आणि नदीकाठच्या भूगोलालाही धरून आहे. सगळेच मळे नदीकाठी नसतात, विहिरीच्या पाण्यावरचेही असतात, ही शंका राहते. तरी अर्थविस्ताराने ती दूर होण्यासारखी आहे. म्हणून ही व्युत्पत्ती संभवनीय म्हणावी, सिद्ध म्हणू नये. साखर कारखान्यांतून निघणाऱ्या मळीचे नावही मल या अर्थानेच पडलेले दिसते. येथे विद्यार्थ्यांनी एक गंमत ध्यानी घ्यावी. ज्या द्राविडी मलैला ध्वनीच्या कसोटीवर माळ नाकारावा लागला, तिला त्याच कसोटीवर मळा बिनतक्रार देता येतो. पण अर्थ पाहिला तर डोंगर आणि नदीकाठची बाग! केवळ ध्वनी जुळणे किती निरर्थक ठरू शकते याचा याहून चांगला नमुना शोधावयास नको.

जत भागातील द्वैभाषिक माणसाच्या कानी आणखी एक योग जुळतो. ‘मळे’ या ध्वनीचा मराठीत अर्थ बागाईत शेते, तर कन्नडात अर्थ पाऊस. दोन्ही शब्दांचे मूळ सर्वस्वी निराळे आहे. ज्या भागात पाऊस थोडा आणि मळेही थोडे, तेथे हा योगायोग कवीला हवासा वाटेल. व्युत्पत्तिकाराने त्याला हात लावू नये.

‘माळा’ या शब्दाचे कूळ घरबांधणीत शोधले पाहिजे. कन्नड ‘माळिगे’ म्हणजे धाब्याचे छप्पर किंवा वरचा मजला. तमिळ ‘माळिगै’ म्हणजे वाडा, प्रासाद. तमिळ ‘माडि’ आणि मराठी माडी म्हणजे वरचा मजला. गुजरातीत मजल्याला माळ म्हणतात आणि पाखराच्या घरट्याला माळो. मुंबईतील ‘तिसरा माळा’ हा बोलण्यातला प्रयोग गुजरातीच्या शेजाराने दृढ झाला असावा. हा सारा व्यवहार मचाण, मजला, छप्पर यांचा आहे. हाराशी त्याचा संबंध जोडणे ओढूनताणूनचे होईल, आणि उंच जमिनीशी जोडावयाचा तर ‘उंच’ या एका धाग्यावर सगळा भार पडतो. दक्षिणेकडील या शब्दसमूहाशीच माळ्याचे नाते अधिक जवळचे दिसते. पूर्वेकडील कमी पावसाच्या गावांतून मातीच्या सपाट छपरांना माळवद म्हणतात आणि घाटाकडच्या उतरत्या छपरांच्या गावांत या शब्दाची गरज पडत नाही. पाऊसमान, बांधणी आणि शब्द यांची सीमा अशी बरोबरच बदलते.

६

‘माल’ हा शब्द अरबी आहे. संपत्ती, मालकीची वस्तू हा त्याचा अर्थ. फारसीच्या मार्गाने तो मराठीत आला आणि मालमत्ता, मालगुजारी अशा शब्दांत रूढ झाला. सांगलीच्या पेठेत हळदीच्या मालाविषयी बोलताना व्यापारी हाच शब्द वापरतो. तो माळ का झाला नाही? कारण तो आला तेव्हा लकाराचा ळकार करणारा ध्वनिबदल होऊन गेला होता. साल, हाल, कलम या शब्दांतील लही म्हणूनच शाबूत आहे. मराठीतील ल आणि ळ यांचा भेद हा असा एक कालमापकच आहे.

या अरबी शब्दाने फार मोठा प्रवास केला आहे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील स्वाहिलीत ‘मालि’ म्हणजे धन. मध्य आशियातील कझाक व किरगीझ या भाषांत ‘माल’ म्हणजे गुरेढोरे, मेंढरे. भटक्या पशुपालकाचे धन तेच असल्यामुळे. आरेवाडीच्या बिरोबाला जाणाऱ्या माणदेशी मेंढपाळाला हा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही. येथे नाते खरे आहे, कारण शब्द कोणी कोठून नेला हा इतिहास माहीत आहे.

आता नुसत्या साम्याचे नमुने पाहू. आल्बानियन भाषेत ‘मल’ म्हणजे डोंगर. तमिळ मलै आणि आल्बानियन मल यांत ध्वनी जुळतो, अर्थही तंतोतंत जुळतो. एखाद्याने यावरून द्राविडांना आड्रियाटिक समुद्राच्या काठी नेऊन बसविले तर आश्चर्य वाटावयास नको. पण आल्बानियन शब्दाशी रुमानियन ‘मल’ संबद्ध मानला जातो, आणि त्याचा अर्थ नदीचा काठ. लॅट्व्हियन भाषेत ‘मला’ म्हणजे कड, किनारा. त्या शब्दांच्या मुळाशी डोंगरापेक्षा कडेची कल्पना असावी, आणि त्यांचा इतिहास युरोपातच उलगडतो. दक्षिण भारताशी गाठ पडते ती केवळ योगायोगाने. लॅटिनमध्ये ऱ्हस्व स्वराचा ‘मलुम्’ म्हणजे वाईट आणि दीर्घ स्वराचा ‘मालुम्’ म्हणजे सफरचंद. बायबलातील निषिद्ध फळ सफरचंदच होते ही युरोपीय समजूत दृढ होण्यास या साम्याने हातभार लावला असे मानतात. स्वराच्या एका मात्रेकडे दुर्लक्ष झाले तर केवढी कथा उभी राहते हे यावरून दिसते. खुद्द तमिळमध्ये ‘मालै’ म्हणजे हार आणि मालै म्हणजे संध्याकाळ.

७

मात्रेची आणि ळकाराची ही बाब ग्रामनामांच्या अभ्यासात विशेष सांभाळावी लागते. रोमन लिपीतील नकाशे व याद्या यांत मळा, माळा, माला यांचे लेखन एकच होते. हिंदीत छापलेल्या फलकांवर ळ चा ल होण्याचा संभव असतो. अशा यादीवरून सांगली जिल्ह्यातील नावे गोळा करणारा विद्यार्थी भिलवडीजवळचे माळवाडी आणि मिरज तालुक्यातील मालगाव ही दोन्ही नावे एका रकान्यात टाकील. लोकांच्या तोंडी मात्र पहिल्यात ळ आहे आणि दुसऱ्यात ल. माळवाडीचा पूर्वार्ध माळ असू शकेल किंवा माळीही असू शकेल. मालगावात माळ असण्याचा संभव ध्वनिदृष्ट्या कमी. तेथे द्वित्व लकाराचे एखादे पूर्वपद, उदाहरणार्थ मल्ल, तपासून पाहावे लागेल. निकाल मात्र जुन्या कागदांतील वा ताम्रपटांतील रूपावरच लागेल. कर्नाटकातील मालखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी. तिचे जुने नाव मान्यखेट होते हे लेखांवरून ठाऊक नसते, तर त्या नावाच्या पूर्वार्धात कोणी माळ, कोणी मल्ल आणि कोणी मलै पाहिली असती. आणि तिघेही सारखेच चुकले असते.

८

येथवरचा विचार शब्दाच्या उगमाचा झाला. पण उगमापेक्षा मोठा प्रश्न अर्थाचा आहे, आणि त्याचा संबंध साहित्याच्या वाचनाशी व त्याही पलीकडे जमिनीशी येतो.

कालिदासाचा माल नांगरलेला आहे; तो क्षेत्र आहे. मराठी माळ सामान्यतः नांगराबाहेरचा आहे. उंचवटा कायम राहिला आणि नांगर गेला, असा हा अर्थबदल होय. मराठीत पिकत्या, भिजत्या जमिनीसाठी मळा हा शब्द रूढ होता. त्याच्याशी रोजची जोडी पडल्याने माळाच्या वाट्याला कोरडी, न नांगरलेली बाजू आली असावी. पुढे कोशांतून व बोलण्यातून ‘माळ म्हणजे ओसाड’ असे समीकरण पक्के झाले. हे समीकरण अर्धवट आहे. पश्चिमेच्या डोंगरमाथ्यावरील जांभ्या खडकाच्या सपाटीला तेथील लोक सडा म्हणतात, माळ म्हणत नाहीत. पठार हा शब्द पुन्हा निराळा. माळावर चराई होते, पावसाळ्यात गवत येते, वाटा जातात, देवस्थाने असतात. माळढोक, माळटिटवी ही पक्ष्यांची नावे सांगतात की लोकांच्या दृष्टीने माळाला स्वतःचे रहिवासी आहेत. ओसाड जागेला रहिवासी नसतात.

ग. सोन्थायमर यांनी धनगरांच्या देवतांचा जो अभ्यास केला (मूळ जर्मन ग्रंथ १९७६), त्यात वन आणि क्षेत्र या दोन जगांचा परस्परसंबंध त्यांनी दाखविला : एक पशुपालकांचे, एक शेतकऱ्यांचे. आपल्या शब्दाच्या बाबतीत असे म्हणता येईल की, संस्कृतातील क्षेत्राच्या बाजूचा माल मराठीत वनाच्या बाजूला गेला. शब्दाचा हा पक्षबदल दख्खनच्या पूर्वभागातील जीवनाशी सुसंगत आहे.

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘माणदेशी माणसं’ (१९४९) आणि ‘बनगरवाडी’ (१९५५) ही पुस्तके या दृष्टीने पुन्हा वाचली पाहिजेत. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत माळाला पार्श्वभूमी म्हणण्याची सवय पडली आहे. ‘बनगरवाडी’पुरते हे विधान खरे नाही. औंध संस्थानातील या धनगरवाडीवर मास्तर येतो, शाळा चालवितो, तालीम बांधवितो, आणि अखेरीस दुष्काळात वाडी उठून जाते. माळ म्हणजे ओसाड, असे मनात धरून वाचले तर वाडीचे उठणे हा ओसाड जागेचा अटळ शेवट वाटतो. माळ म्हणजे मेंढरांची, माणसांची, पावसाच्या भरवशावर पण चालणारी व्यवस्था, असे धरून वाचले तर त्याच शेवटात एक मोडलेले घर दिसते. कादंबरीची करुणा दुसऱ्या वाचनात आहे. एका शब्दाच्या अर्थाने कलाकृतीचा अर्थ असा फिरतो. या पुस्तकाच्या १९५८ च्या इंग्रजी अनुवादाला ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ असे नाव दिले गेले. भिंती नसलेले गाव हे माळाचे वर्णन म्हणून अन्वर्थक आहे. परंतु भिंत नसणे ही उणीव की रीत, हे शीर्षक सांगत नाही. ते वाचकाने माळ या शब्दातूनच समजून घ्यावयाचे आहे.

हा प्रश्न ग्रंथापुरता नाही. केंद्र शासनाच्या भूमिसंसाधन विभागाने राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या साहाय्याने २००० पासून देशातील पडीक जमिनींचे जे नकाशासंग्रह प्रसिद्ध केले, त्यांत झुडपी जमिनी आणि निकृष्ट चराऊ कुरणे यांचा समावेश पडीक जमिनीत होतो. माळाचा मोठा भाग अशा वर्गवारीत जातो. तिकडे २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासच्या पठाराला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. दोन्ही जमिनी नांगराबाहेरच्या, दोन्ही पावसाळ्यातच बहरणाऱ्या. एकीला वारसा हा शब्द मिळाला, दुसरीला पडीक. शब्द दिला की जमिनीचे पुढचे भवितव्य निम्मे ठरते. पडीक म्हटलेल्या जागेवर जे येईल ते सुधारणाच समजले जाते.

याची दुसरी बाजूही प्रांजळपणे मांडली पाहिजे. टेंभू व म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जत या दुष्काळी भागांकडे चढविले. पिढ्यान्‌पिढ्या छावण्या आणि स्थलांतर पाहिलेल्या लोकांच्या दृष्टीने माळाचा मळा होणे ही सुखाची गोष्ट आहे, आणि शब्दाच्या प्रेमापोटी कोणी त्याबद्दल हळहळू नये. म्हणणे एवढेच की, जो माळ मळा झाला त्याचे नाव बदलणे योग्य. पण जो माळ माळच राहिला त्याला पडीक म्हणणे हे मराठीच्या अर्थाला धरून नाही.

९

निष्कर्ष थोडक्यात असे. हाराची माळ, माळी, माळणे व बहुधा माळवे यांचे कूळ संस्कृत माला हे होय. जमिनीचा माळ संस्कृत–प्राकृत मालाच्या वाटेने आला; त्या मालाचे मूळ मात्र संस्कृताबाहेर असण्याचा संभव आहे, आणि द्राविडी मलैशी त्याचा थेट संबंध ध्वनिनियमात बसत नाही. मळा व मळी यांचा संबंध मलाशी संभवनीय आहे. मळणी मर्दनाची आहे. माळा व माडी दक्षिणेच्या घरबांधणीतून आले. माल अरबी आहे. म्हणजे एका ध्वनीच्या छपराखाली निदान सहा कुळे राहतात, आणि शेजारामुळे त्यांच्या अर्थांत देवघेवही झालेली आहे. नात्याची परीक्षा कडक असावी, पण शेजाराचीही नोंद घ्यावी; कारण भाषेचे पुष्कळसे अर्थ रक्ताने आलेले नसून शेजाराने आलेले असतात.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी येथे प्रत्यक्ष काम पडून आहे. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील गावोगावी जाऊन माळ, मळा, मळी, कुरण, गायरान, सडा, ताल अशा जमिनीच्या शब्दांची लिंगासह, सामान्यरूपासह आणि ती जमीन डोळ्यांनी पाहून नोंद करावी. द्वैभाषिक गावांत तोच प्रश्न कन्नडातही विचारावा. ही नोंद नुसत्या कोशांवरून होणार नाही. जे वृद्ध मेंढपाळ एका दृष्टिक्षेपात माळाचे चार प्रकार सांगू शकतात, त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे. त्यांच्याबरोबर हे भेद गेले, तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती माळ हा शब्द उरेल आणि त्याच्यापुढे कोशातील ‘ओसाड जमीन’ एवढाच प्रतिशब्द असेल.